डिकीत बसून ऐकणारी बाई

बर्नडीन कोझलिक स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभी होती, तेव्हा तिला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तिच्या मुलाने, कर्टिसने, बापाची निळी प्लिमथ गॅरेजमधून मागे घेतली. घरासमोरची फरसबंदी जिथे रस्त्याला मिळते तिथल्या खळग्यात मागची चाकं उतरली आणि गाडीच्या शेपटाकडून आधी कर्र आणि मग खट् असं काहीतरी झालं. खिडकी बंद होती, शेगडीवर पाणी उकळत होतं, तरी ते नेमकं तिच्या कानात शिरलं.

"मागे काहीतरी वाजतंय," तो परत आल्यावर ती म्हणाली.

"एकोणचाळीस वर्षांची गाडी आहे, मा. वाजणारच. तूसुद्धा खुर्चीतून उठताना वाजतेस."

"माझं मी बघून घेईन. मला शनिवारी सोळाशे मैल जायचं नाहीये."

जायचं होतं ते कर्टिसला. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण बे सिटीतला त्याचा कारखाना बंद पडल्यापासून अकरा महिने तो पुन्हा आपल्या लहानपणीच्या खोलीत झोपत होता. पलंगाबाहेर पाय येत होते. आता न्यू मेक्सिकोत विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये त्याला काम मिळालं होतं. त्याचा पिकअप ट्रक उन्हाळ्यातच कायमचा बंद पडला होता. उरली होती ती ही गाडी, तिच्या नवऱ्याने, लेनर्डने, मुलाच्या नावाने ठेवलेली. आणि निघायचं तर शनिवारीच, कारण रविवारी रस्ते गोठणार असं रेडिओवाले सांगत होते. रस्ते गोठले की बर्फ वितळवायला मिठाचे ट्रक निघणार, आणि लेनर्ड कोझलिकच्या गाडीने जन्मात मिठावर चाक ठेवलं नव्हतं. पत्रा खातं ते मीठ. एकदा मीठ पडलं की ही गाडी एप्रिलपर्यंत पांघरूण घेऊन गॅरेजात बसायची. घरातला हा नियम नाताळइतकाच पक्का होता.

म्हणजे हातात बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

बर्नडीन अंगाने लहानखुरी, जेमतेम पाच फुटांची. लग्न झालं तेव्हा लेनर्डच्या मित्रांनी विचारलं होतं की बाकीची बायको कधी येणार. पण त्याच अंगलटीमुळे तिला आयुष्यातलं काम मिळालं. लेनर्डचं दोन गाड्यांचं गॅरेज होतं. जोरकस इंजिनाच्या, दोन दारांच्या त्या गाड्या तेव्हा गावातली सगळी पोरं उडवायची, आणि मागच्या चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पाट्यांतून आवाज येतो म्हणून घेऊन यायची. मागचा आवाज ओळखणं मोठं कटकटीचं. चालवणाऱ्याला वाटतं डावीकडून येतोय, असतो उजवीकडे. गाडी उभी केली की आवाज गप्प. शेवटी उपाय एकच: कोणीतरी डिकीत झोपायचं, झाकण लावून घ्यायचं, आणि दुसऱ्याने गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून न्यायची. लेनर्ड डिकीत मावत नव्हता. बर्नडीन मावली.

पहिल्या दिवशी ती घाबरली होती. लेनर्डने घोंगडी अंथरून दिली, विजेरी दिली. हातात काहीतरी असावं म्हणून ती स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा लाकडी डाव घेऊन आत गेली होती, तोच मग कामाचा निघाला. दांडा तळाच्या पत्र्यावर टेकवायचा, डावाची वाटी कानाला लावायची. लाकडातून आवाज असा चढतो की जणू कोणी कानात येऊन बोलतंय. आणि त्याच डावाने ठोकायचं. डावीकडे आवाज असेल तर एकदा, उजवीकडे असेल तर दोनदा. तीन ठोके म्हणजे झालं, थांब. तीस-बत्तीस वर्षं हेच चाललं. गाव तिला डोळ्यांनी जेवढं माहीत होतं त्याहून जास्त डिकीतून माहीत होतं. लोखंडी जाळीच्या पुलावर आलं की खालून भुंगा गुणगुणायचा. रेल्वेच्या रुळांवर लेनर्ड मुद्दाम मोठ्याने पोल्का नाचाची गाणी गायचा, म्हणजे ती वैतागून डाव आपटेल.

एकदा गावात नव्याने आलेल्या पोलिसाने लेनर्डला चौकात अडवलं. कागद बघता बघता डिकीतून दोन ठोके आले. पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर.

"आत काय आहे?"

"बायको," लेनर्ड म्हणाला. "उजवीकडचा शॉकअप गेलाय म्हणतेय."

झाकण उघडलं तर आत ही बाई, डोक्याला रुमाल, हातात डाव. "तुम्ही राजीखुशीने आत आहात ना, मॅडम?" पोलिसाने विचारलं. "घरी सासू आलीय," बर्नडीन म्हणाली, "इथेच बरं आहे." हा किस्सा शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला चर्चच्या तळघरात अजूनही कोणी ना कोणी सांगतंच. फक्त आता तो सांगताना लोक मध्येच थांबून तिच्याकडे बघतात आणि आवाज खाली आणतात. लेनर्डला जाऊन दीड वर्ष झालं.

त्या दीड वर्षात तिच्या कानांनी तिला फार फसवलं होतं. तळघरातली घर तापवायची भट्टी धडधडली की तिला लेनर्ड खोकल्यासारखा वाटे. दोनदा ती पायऱ्या उतरून खाली गेलीही होती. म्हणून आता, मुलगा जायला तीन दिवस उरले असताना, हा कर्र-खट् तिला एकटीलाच ऐकू यावा याची तिला मनातून धास्ती वाटली. आवाज खरा असेल तर पोराच्या जिवाला धोका. खोटा असेल तर तो आपण तयार केलाय, त्याला अडवायला. दोन्हीतलं काय जास्त वाईट ते तिला ठरवता येईना.

गुरुवारी सकाळी तिने शेजारच्या चेस्टर पावलाकला बोलावलं. चेस्टर सत्तरीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला, ओतकामाच्या कारखान्यात कान घालवून बसलेला. तो कर्टिसच्या शेजारी बसला आणि दोघं गाडी फिरवून आले.

"घंटा काही वाजत नाही," चेस्टर उतरत म्हणाला.

"तुला चर्चची घंटा तरी ऐकू येते का?"

"रविवारी नऊला वाजते. घड्याळात दिसते मला."

कर्टिस बॉनेटला टेकून उभा होता. "मी पण नीट ऐकलं, मा. काही नाहीये." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सरळ सांग ना. गाडीच्या तोंडून कशाला?"

बर्नडीन तडक वळली. आत गेली, खुंटीवरचा रुमाल डोक्याला बांधला, शेगडीशेजारच्या बरणीतला डाव घेतला, कपाटातली घोंगडी घेतली आणि बाहेर येऊन म्हणाली, "डिकी उघड."

"मा, तू बासष्ट वर्षांची आहेस."

"म्हणूनच लवकर उघड. आतलं सुटं चाक, जॅक, सगळं बाहेर काढ. अर्धे आवाज त्यांचेच असतात."

झाकण लागलं. काळोखात रबराचा, पेट्रोलचा आणि जुन्या घोंगडीचा तोच वास आला. दांडा तिने डाव्या चाकाच्या पुढे टेकवला, जिथे पाट्याचं पुढचं टोक गाडीला बोल्टने जोडलेलं असतं. कर्टिस बापासारखा चालवत नव्हता. वळणावर घाई करायचा. खळगा आला.

कर्र. खट्.

डावातून आला, अगदी स्पष्ट. रडू यावं इतका खरा. तिने एकदा ठोकलं. मग दांडा उजवीकडे नेला. रुळांवर पुन्हा कर्र, पुन्हा खट्. तिने दोनदा ठोकलं. दोन्हीकडे? दोन्ही बाजूंचं एकाच वेळी कधी जात नाही. गेलं, तर ते झिजून गेलेलं नसतं, बसवतानाच बिघडलेलं असतं. तिने तीन ठोके दिले.

गॅरेजात गाडी चारही चाकांवर उभी करून ती कंदिलासारखा दिवा घेऊन पालथी पडली. कर्टिसही शेजारी आडवा झाला. एक्झॉस्टचा पाइप तिने मुठीने ठोकून पाहिला, तो कुठे घासत नव्हता. शॉकअप ठीक. मग पाट्याच्या पुढच्या टोकात बोल्टभोवती बसवलेल्या रबरी नळीवर, बुशवर, तिने बाटलीने पाणी ओतलं आणि मुलाला मागून गाडी दाबायला लावली. कर्र बंद झालं. पाणी निथळलं तसं पुन्हा सुरू.

"रबर," ती म्हणाली. "पण हे बुश नवे आहेत. तीन वर्षांपूर्वी पाट्यांबरोबरच घातले." बोलता बोलता तिची नजर चाकाच्या कमानीकडे गेली. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जागा होती. तीन हवी. गाडीची शेपूट उंच बसतेय हे तिने तीन वर्षांपूर्वीही पाहिलं होतं, विचारलंही होतं. नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू, असं लेनर्ड म्हणाला होता.

"मोठा पाना दे," ती म्हणाली. "बोल्टचा नट सैल कर. फक्त सैल."

कर्टिसने जोर लावला. नट सुटला आणि एवढी मोठी गाडी कण्हल्यासारखा आवाज करत एक बोटभर खाली बसली. उजवीकडेही तसंच झालं. आता तीन बोटं.

दोघंही तसेच जमिनीवर पडून राहिले. काय झालंय ते कर्टिसलाही कळत होतं. त्या गॅरेजात वाढलेल्या कोणालाही कळलं असतं. पाट्यांचे बोल्ट गाडी टेकूंवर, चाकं लोंबकळत असताना आवळायचे नसतात. आधी गाडी जमिनीवर घ्यायची, तिचं सगळं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग आवळायचं. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच जखडतं आणि पुढे प्रत्येक खड्ड्यात थोडं थोडं फाटत जातं. हे लेनर्डने गावातल्या निम्म्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. हाताखालच्या एकाने अशी चूक केली म्हणून त्याला आठवडाभर नुसतं झाडू मारायला लावलं होतं.

"पण पाटे डॅडनेच बसवले ना?" कर्टिस म्हणाला.

"बसवले त्याने," बर्नडीन म्हणाली. "नट मी आवळले. तो कॉफी घ्यायला आत गेला होता. मला वाटलं, त्याचं काम हलकं करावं."

हे तिच्या तोंडून कसं निघालं तिचं तिलाच कळलं नाही. त्या दिवशी तर ती गॅरेजात पाऊलही टाकायला आली नव्हती.

कर्टिस हसायला लागला. अकरा महिन्यांत तो असा हसला नव्हता. "तीस वर्षं डिकीत बसून एवढंही कळलं नाही तुला? डॅडला समजलं असतं तर झाकण उघडलंच नसतं त्याने!"

"चेस्टरला सांगू नकोस म्हणजे झालं."

"आत्ताच्या आत्ता सांगणार." आणि तो खरोखरच कुंपणापाशी जाऊन ओरडून सांगून आला.

पण परत आला तेव्हा त्याचं हसू ओसरलं होतं. बुश दोन्हीकडचे फाटले होते. नवे मागवायचे तर आठ दिवस. "मग काय," तो हात पुसत म्हणाला, "रविवारी मीठ. गाडी काही जात नाही. कळवतो त्यांना, वसंतात येतो म्हणून. जागा ठेवली तर ठेवली." आणि हे बोलताना त्याचे खांदे सैल झाले. शाळेला सुट्टी पडली की लहानपणी तो असा दिसायचा. बर्नडीनने ते पाहिलं आणि तिला एकदम आनंद झाला. लगेच त्या आनंदाची तिलाच भीती वाटली. छत्तीस वर्षांच्या माणसाला अडकून पडण्यात सुटल्यासारखं वाटतंय, आणि आपल्यालाही बरं वाटतंय.

"लेनर्डने कुठे जादा ठेवले असतील तर बघते," ती म्हणाली. "तू कॉफी ठेव."

तिला माहीत होतं कुठे बघायचं. शेवटच्या वर्ष-दीड वर्षात लेनर्ड जुन्या कॉफीच्या डब्यांमध्ये सुटे भाग भरून प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहीत बसायचा. तासन्‌तास. तिला वाटायचं, माझ्यानंतर हिला सापडावं म्हणून करतोय. तिसऱ्या फळीवर, मागच्या रांगेत डबा होता. झाकण काढायच्या आधी हात थोडा थांबला. डबा पुन्हा मागे सरकवला असता तर कोणाला काय कळणार होतं? एक हिवाळा. संध्याकाळी पत्ते खेळायला समोर कोणीतरी. वरच्या खोलीत पावलं.

मग तिने चिकटपट्टीवरचं वाचलं. लेनर्डचं अक्षर, पण ओळ खाली घसरत गेलेली.

मागचे पाटे, दोन बुश. पुन्हा काढून घालायचे. या खेपेला जमिनीवर. बर्नीला नको सांगायला.

ती उलट्या बादलीवर बसली.

म्हणजे त्याला कळलं होतं. शेपूट उंच बसल्याचं तिने विचारलं तेव्हाच कदाचित. आपल्या हातून कोणती चूक झालीय आणि ती आपल्या हातून होणं म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं, आणि बायको दहा पावलांवर स्वयंपाकघरात असताना तो इथे एकटा उभा राहून डब्यावर लिहीत होता. नवे बुश मागवून ठेवले आणि मग तेही विसरला. डॉक्टरांनी विसरण्याच्या त्या आजाराचं नाव घेतलं ते त्यानंतर आठ महिन्यांनी. तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली होती, मला तर काहीच जाणवलं नाही हो. आख्ख्या गावाच्या गाड्यांचं दुखणं काळोखात पडून ओळखणारी बाई.

चिकटपट्टी तिने नखाने हळूच सोडवली, घडी करून ॲप्रनच्या खिशात घातली, आणि डबा घेऊन घरात गेली. कॉफी झाली होती.

"सापडले," ती म्हणाली.

कर्टिसने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सापडलेच नाहीत असंही म्हणता आलं असतं तुला," तो म्हणाला.

"आलं असतं. कप धुऊन ठेव."

जुने बुश दाबून काढण्यात शुक्रवारची सकाळ गेली. चेस्टरने बुश दाबायला आपला मोठा व्हाइस आणला आणि त्याबरोबर सल्लेही आणले. "नट आवळायला बर्नडीनला देऊ नकोस रे," तो दर दहा मिनिटांनी म्हणत होता, आणि ती प्रत्येक वेळी "नाही देत" म्हणत होती. शेवटी गाडी जमिनीवर उतरवली. कर्टिसने मागचा भाग दोनचारदा दाबून तिला नीट बसू दिलं आणि मग गाडीखाली शिरून स्वतः बोल्ट आवळले. बर्नडीन दिवा धरून शेजारी पडली होती. त्याच्या मनगटाचा झोक अगदी लेनर्डचा होता.

मग ती पुन्हा डिकीत शिरली.

खळग्यात काही नाही. चौकात, वळणावर काही नाही. पुलावर नुसता भुंगा. तिने दांडा डावीकडे टेकवला, उजवीकडे टेकवला, वाटी कानावर इतकी दाबली की कान दुखायला लागला. रूळ आले, चाकं धडधडत गेली, आणि पाट्यांमधून हूं की चूं नाही. रुळांवर कोणी गात नव्हतं. समोरून, सीटच्या पलीकडून कर्टिसचा दबका आवाज आला, "मा? आहेस ना?"

तिने ठोकलं नाही. त्याने गाडी वळवून पुन्हा एकदा रुळांवरून नेली. ती ऐकत होती. इतकं नीट तिने कोणत्याच गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऐकलं नव्हतं; आता एखादा बारीकसा जरी आवाज आला असता तरी तिने तो खरा मानला असता. आला नाही. मग तिने डाव उचलला आणि पत्र्यावर तीनदा ठोकलं.

शनिवारी सकाळी तो निघाला. मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत तिने पिएरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, भरून दिले होते, पाच डझन. चेस्टर कुंपणावर कोपर टेकून होता. गाडी खळग्यातून उतरली आणि काहीच वाजलं नाही. कोपऱ्यावर इंजिनाचा आवाज झाडांमागे गेला, मग पुलाच्या बाजूला गेला, मग चेस्टर म्हणाला, "गेला." बर्नडीनला तो अजून मिनिटभर ऐकू येत होता.

रात्री मिझुरीतल्या एका मोटेलातून फोन आला.

"मा, काहीतरी वाजतंय."

ती उभी राहिली. "कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"काय माहीत? मागे कोण बसलंय ऐकायला?"

"कसं वाजतंय ते सांग. खड्ड्यात? वळताना?"

"वळताना. टक टक. सकाळपर्यंत नव्हतं. दुपारपासून."

तिने डोळे मिटले आणि गाडी आतून डोळ्यांसमोर आणली. "दुपारी पिएरोगी खाल्लेस?"

"खाल्ले."

"पेटीत जागा झाली. आत डबा सरकतोय. टॉवेल कोंब."

पलीकडे तो गाडीपर्यंत गेलेला, दार उघडून परत आलेला तिला ऐकू आला. "झालं," तो म्हणाला. मग, "ठेवतो, मा."

"उद्या कर."

"करतो."

रविवारी पहाटे गारठ्याने काचा पांढऱ्या झाल्या आणि पहिला ट्रक रस्त्यावरून गेला. मिठाचे खडे टपालपेटीच्या पत्र्यावर तडतडले. बर्नडीन अंथरुणात तो आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिली. मग खाली भट्टी सुरू झाली, खोकली. या वेळी ती बघायला गेली नाही.